द सीक्वेन्स: १९७९ ची रॅपची तबकडी आणि गोष्टीतून गळलेल्या तिघी

जुनी_तबकडी
हिप हॉपमधल्या बायकांचा विषय निघाला की गाडी थेट सॉल्ट-एन-पेपा या मुलींच्या रॅप ग्रुपवर जाऊन थांबते. त्या मोठ्याच आहेत. पण त्यांच्या सहा वर्षं आधी, १९७९ च्या अखेरीस, साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरातल्या तीन मुलींची रॅपची तबकडी आली होती आणि चांगली वाजली होती. गाणं 'फंक यू अप', ग्रुप द सीक्वेन्स. अँजी बी, शेरिल द पर्ल आणि ब्लाँडी. खरी नावं अँजेला ब्राउन, शेरिल कुक आणि ग्वेंडोलिन चिझम. यातली अँजी म्हणजे पुढे सोल संगीतात नाव काढलेली अँजी स्टोन. मार्च २०२५ मध्ये अलाबामात गाडीच्या अपघातात ती गेली.

त्यानंतर मी जे लेख वाचले त्यात द सीक्वेन्सच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एखादीच ओळ होती. मला ते लागलं, म्हणून हा धागा.

तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. चीअरलीडिंग करायच्या. अँजी चर्चमध्ये गायची, तिचे वडील गॉस्पेल चौकडीत गात. शुगरहिल गँग या पोरांच्या ग्रुपचं 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाजत असताना त्यांचा कार्यक्रम कोलंबियात झाला. या तिघी रंगमंचामागे पोचल्या आणि सिल्व्हिया रॉबिन्सनना तिथेच गाऊन दाखवलं. सिल्व्हियाबाई स्वतः गायिका, शुगर हिल रेकॉर्ड्स ही कंपनी नवऱ्याबरोबर चालवायच्या. त्यांनी मुलींना लगेच घेतलं. 'फंक यू अप' बिलबोर्डच्या सोल यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढलं. तिघी तेव्हा विशीच्या आतबाहेर होत्या.

पुढे १९८० ते १९८३ मध्ये तीन अल्बम, स्पूनी जी या रॅपरबरोबरचं 'मॉन्स्टर जॅम', पार्लमेंट या फंक बँडच्या गाण्यावर बेतलेलं 'फंकी साउंड'. १९८५ च्या सुमारास सगळं थांबलं.

मग या तिघी गोष्टीतून गळल्या कशा? माझं मत स्पष्ट आहे: त्या न्यूयॉर्कच्या नव्हत्या. हिप हॉपचा इतिहास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागापासून मोजला जातो आणि दक्षिणेतल्या, चर्चमध्ये गळा घडलेल्या मुली त्यात कुठे बसवायच्या ते लिहिणाऱ्यांना कळलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

बारा_मात्रा
रुमाल टाकतो. रात्री सविस्तर लिहितो.

कोपरगावची_मीरा
शीर्षक वाचून बारावीच्या गणिताचा धागा समजून उघडला होता. आता स्वयंपाकघरात 'फंक यू अप' तिसऱ्यांदा वाजतंय आणि सासूबाईंनी आवाज वाढवायला सांगितलाय. :)

नर्मदा_प
तबकडीताई, लेख आवडला. तू 'पहिल्या' हा शब्द कुठेच वापरला नाहीस तेही बरं केलंस, कारण तो शब्द आला की भांडण लागतं. ब्राँक्समध्ये सत्तरच्या दशकातच मर्सिडीज लेडीज नावाचा सगळ्या मुलींचा ताफा होता, एमसी (म्हणजे माइकवर रॅप करणारे) आणि डीजे दोन्ही मुली. शा-रॉक ही रॅपर फंकी फोर प्लस वन या ग्रुपमध्ये होती, आणि ते 'प्लस वन' म्हणजे तीच. शिवाय त्याच १९७९ मध्ये पॉलेट आणि तान्या विन्ली या बहिणींची 'ऱ्हायमिन अँड रॅपिन' आली होती, वडिलांच्याच कंपनीतून. फिलाडेल्फियाची लेडी बी पण त्याच वर्षाची.

म्हणजे एका वर्षात इतक्या बाया एकदम बोलायला लागल्या होत्या. मला ही गोष्ट 'पहिली कोण' याच्यापेक्षा फार मोठी वाटते.

शिवाजी_पेठ
नर्मदा, मान्य. पण ज्यांची तबकडी देशभर वाजली, यादीत चढली, अशा मुलींच्या रॅप ग्रुपमध्ये द सीक्वेन्सचं नाव सगळ्यात आधी घ्यावंच लागतं. विन्ली बहिणींची तबकडी जमवणाऱ्यांपुरती राहिली. या तिघी शुगर हिलच्या दौऱ्यांवर गावोगाव गेल्या. एखाद्या छोट्या शहरातल्या पोरीला मुलीसुद्धा रॅप करतात हे दिसलं ते यांच्यामुळे.

न्यूजर्सीकर
शुगर हिल रेकॉर्ड्स आमच्याच राज्यातली, न्यू जर्सीच्या एंगलवुड गावातली. एडिसनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जमणाऱ्या शेकडो लोकांना विचारा, रॅपच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्या याच राज्यात भरल्या गेल्या हे माहीत नसतं. नाव मात्र हार्लेममधल्या शुगर हिल वस्तीवरून घेतलेलं. कंपनीचा स्टुडिओ २००२ मध्ये आगीत जळाला.

म्हणून जुनी_तबकडी यांचा न्यूयॉर्कचा मुद्दा मला अर्धाच पटतो. शुगरहिल गँगही जर्सीतच जुळवलेली, तिघांतला बिग बँक हँक तेवढा मूळचा ब्राँक्सचा. त्यांना तर ब्राँक्सवाले नकलीच म्हणत. तरी 'रॅपर्स डिलाइट' प्रत्येक इतिहासात पहिल्या पानावर असतं. गाव हेच कारण असतं तर तेही गळायला हवं होतं.

जुनी_तबकडी
न्यूजर्सीकर, एंगलवुडहून हार्लेम म्हणजे हडसन नदीच्या पलीकडे. कोलंबियापासून पोचायला दिवसभर गाडी चालवावी लागते. जर्सीच्या पोरांना नकली का होईना, पण ब्राँक्सशी भांडता तरी आलं. या मुली त्या भांडणातही नव्हत्या.

बारा_मात्रा
आलो. मी ढोलकी वाजवतो, त्यामुळे आधी तालाकडे कान जातो. शुगर हिलच्या तबकड्यांवर वाजतं ते जिवंत वाद्यवृंदाचं काम. डग विम्बिश बासवर, स्किप मॅकडॉनल्ड गिटारवर, कीथ लेब्लाँक ड्रम्सवर, हे त्रिकूट पुढे त्या कंपनीचा कणा झालं. आधीची तबकडी फिरवून तिच्या तुकड्यावर बोलणं ही ब्राँक्सच्या गल्लीतली रीत. स्टुडिओत माणसं बसून तोच तुकडा नव्याने, न थकता वाजवायची. बास तासन्‌तास एकच वळण घेतो आणि तरी कंटाळा येत नाही, कारण मागचा ड्रमवाला प्रत्येक आवर्तनात केसभर काहीतरी बदलतो.

आता तिघींचा भाग. 'रॅपर्स डिलाइट' ऐका: कडव्यामागून कडवं, मध्ये गाऊन म्हणायचं ध्रुवपद जवळजवळ नाहीच. 'फंक यू अप'मध्ये तिघी एका आवाजात गातात, मग एकेक जण बाहेर पडून बोलते, परत तिघी एकत्र. बोलणं आणि गाणं यांच्यात त्या इतक्या सहज ये-जा करतात की शिवण दिसत नाही. आज रॅपच्या गाण्यात गायलेलं ध्रुवपद नसेल तर निर्माता विचारतो, कुठे आहे? १९७९ मध्ये या मुली ते करत होत्या. चर्चमध्ये गळा घडला, हे तबकडीताईने वर लिहिलंय ना, ते मला इथे ऐकू येतं. माझ्यासाठी त्यांचं मोठं काम हेच.

सांजवात
@बारा_मात्रा, सुंदर. मला पहिल्यांदा ऐकताना मंगळागौरीचा खेळ आठवला. एक जण पुढे होऊन उखाणा टाकते, बाकीच्या झेलतात, परत फुगडीत सगळ्या एक. चीअरलीडिंगमध्येही तेच: टाळी, पाय, आरोळी, उत्तर. या मुलींच्या अंगात ताल आधीपासून होता, तोही मैदानावरचा आणि गटाने पेलायचा.

शिवाजी_पेठ
सांजवात, राग मानू नका, पण जगात कुठेही बायका तालावर काही म्हणाल्या की आपण मंगळागौर काढतो. काळ्या मुलींचे टाळ्यांचे खेळ, दुहेरी दोरीवरच्या उड्या, चर्चमधली हाक आणि प्रतिसाद, ही त्यांची स्वतःची परंपरा आहे आणि ती गुलामगिरीच्या काळातून आलेली आहे. आधी ती त्यांच्याच जागी बघू.

सांजवात
राग कसला! मी दोन्ही एक आहेत असं म्हटलं नाही. आठवलं ते लिहिलं. पण दोरीवरच्या उड्यांचा मुद्दा तुम्ही फार चांगला काढलात. मुलींचे हे खेळ हिप हॉपच्या मुळांत मोजायचे की नाही यावरच पुष्कळ काही ठरतं. डीजे आणि मैदानातली पार्टी एवढंच मूळ धरलं तर पोरांची गोष्ट होते. अंगणातले खेळ धरले तर मुली पहिल्या दिवसापासून आहेत.

न्यूजर्सीकर
+१. हा प्रतिसाद चिकटवून ठेवायला हवा.

रोखठोक_विदर्भ
मी जरा वेगळं बोलतो. गाणी ऐकली, मजा आली, पण विषय काय? आम्ही किती भारी, पार्टी, नाचा. १९८२ मध्ये त्याच कंपनीतून 'द मेसेज' आलं, ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्हचं, वस्तीतल्या जगण्यावर. ते लोकांच्या लक्षात राहिलं. सॉल्ट-एन-पेपाही लक्षात राहिल्या कारण त्या लैंगिकतेवर उघड बोलल्या. 'लेट्स टॉक अबाउट सेक्स'चीच पुढे 'लेट्स टॉक अबाउट एड्स' अशी आवृत्ती त्यांनी केली, एबीसीच्या पीटर जेनिंग्जच्या कार्यक्रमासाठी. ज्यात सांगण्यासारखं काही असतं ते टिकतं भाऊ.

नर्मदा_प
रोखठोक, सिद्धांत चांगला आहे पण 'रॅपर्स डिलाइट'मध्ये कोणता संदेश आहे? मित्राच्या घरचं वाईट जेवण! ते तर टिकलं.

आणि मला हे खरंच मनापासून म्हणायचंय: १९७९ मध्ये कोवळ्या वयाच्या तीन काळ्या मुली माइक घेऊन "आम्ही इथे आहोत, आम्ही भारी आहोत" असं सहा-सहा मिनिटं सांगतात, कुणाची बायको, बहीण, गर्लफ्रेंड म्हणून न येता, हाच विषय आहे. 'सायमन सेज' घ्या. लहान मुलांचा हुकमाचा खेळ आणि हुकूम सोडणाऱ्या या तिघी.

रोखठोक_विदर्भ
जेवणावरून मला निरुत्तर केलं हे मान्य. :) पण 'सायमन सेज' आजच ऐकतो.

अ‍ॅड_भैरवी
मला वाटतं उत्तर पैशात आणि कागदात आहे, म्हणून थोडं रूक्ष लिहिते.

शुगर हिलच्या अनेक कलाकारांनी मानधनाबद्दल उघड तक्रारी केल्या. त्या काळी कंपनी ध्वनिमुद्रणाची मालक, आणि प्रकाशनहक्कही अनेकदा तिच्याच घरात. गाणं पुन्हा बाजारात आणणं, त्याची जाहिरात करणं हे मालकाच्या हातात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीच बंद पडली. मग द सीक्वेन्सचं नाव जिवंत ठेवण्यात पैसा कुणाचा गुंतला होता? कुणाचाच नाही.

आणि तरी गाणं फिरत राहिलं, ते दुसऱ्यांच्या नावाने. १९९५ मध्ये रॅपर-निर्माता डॉ. ड्रेच्या 'कीप देअर हेड्स रिंगिन'मधली ती घंटेसारखी ओळ 'फंक यू अप'मधून घेतलेली. गायिका एरिका बाडूने २००३ मध्ये ते आपल्या गाण्यात घेतलं, आणि तिने अँजी स्टोनलाच त्यात गायला बोलावलं. मला हे फार उदार वाटतं. पुढे मार्क रॉन्सन आणि ब्रुनो मार्सचं 'अपटाउन फंक' आलं तेव्हा द सीक्वेन्सने आमच्या गाण्याशी साम्य आहे म्हणून दावा लावला.

बारा_मात्रा
भैरवीताई, त्या दाव्याबाबत मी जरा अस्वस्थ होतो. 'अपटाउन फंक'मध्ये गॅप बँडच्या लोकांना २०१५ मध्ये श्रेय दिलं गेलं, त्यांचंही मूळ गाणं १९७९ चंच. त्या वर्षी प्रत्येक फंक गाण्यात अशा आरोळ्या होत्या. आणि द सीक्वेन्सचं 'फंकी साउंड' हे स्वतः पार्लमेंटवर उभं आहे. लयीचा सातबारा कुणाच्या नावावर करायचा?

अ‍ॅड_भैरवी
कायद्याच्या अंगाने तुमचं बरोबर असू शकतं, लयीवर मालकी सिद्ध करणं कठीणच. मी न्यायाचं बोलतेय. ज्यांच्याकडे वकील आणि प्रकाशक होते त्यांना श्रेय मिळालं, आणि त्याच वर्षीच्या या तिघींना दारात उभं राहावं लागलं.

सॉल्ट-एन-पेपाचं बघा. पाच वेळा प्लॅटिनम झालेला 'व्हेरी नेसेसरी', १९९५ चं ग्रॅमी, आणि तरी २०२५ मध्ये त्यांना आपल्याच ध्वनिमुद्रणांच्या मालकीसाठी युनिव्हर्सल या संगीत कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात ३५ वर्षांनी हक्क परत मागायची तरतूद आहे, त्याचा आधार घेऊन. तिथे पहिला प्रश्न हाच येतो की मुळात हक्क कुणी कुणाला दिले, मुलींनी की त्यांच्या निर्मात्याने. त्यांचा निर्माता हर्बी अझोर आणि त्या, सगळे आधी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सिअर्स या दुकानात नोकरीला. 'द शो स्टॉपा' हे पहिलं गाणं म्हणजे अझोरच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प. एकोणीस-वीस वर्षांची मुलं तेव्हा करार वाचत बसतात का?

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा हिरावून घेता येत नाही. त्याआधी आपलीही गत हीच होती.

कोपरगावची_मीरा
भैरवीताई, हे रूक्ष असेल तर रोज लिहा.

अवांतर: ग्रॅमीवरून आठवलं. १९८९ ला रॅपचा पुरस्कार पहिल्यांदा ठेवला तेव्हा नामांकनांत सॉल्ट-एन-पेपाचं 'पुश इट' होतं आणि 'सुपरसॉनिक'सुद्धा, जे.जे. फॅडचं. तोही मुलींचाच ग्रुप, कॅलिफोर्नियाचा. पुरस्कार टीव्हीवर दाखवणार नाहीत म्हटल्यावर सॉल्ट-एन-पेपा आणि आणखी काही जण गेलेच नाहीत. पाच नामांकनांत दोन मुलींचे ग्रुप! नंतर पुन्हा असं चित्र मला दिसलेलं नाही.

शिवाजी_पेठ
जे.जे. फॅडची तबकडी रूथलेसची, म्हणजे एन.डब्ल्यू.ए. या गाजलेल्या रॅप ग्रुपच्याच कंपनीची, आणि त्यांच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' अल्बमच्या आधीची. त्या कंपनीचं बस्तान बसवायला मुलींच्या गाण्याच्या खपाचा मोठा हात होता. डॉ. ड्रे तिथेही निर्माता होता आणि सात वर्षांनी त्याने 'फंक यू अप'ची ओळ उचलली.

फिरता_माइक
पहिल्यांदाच लिहितेय. मी मुंबईत रॅप करते, मराठीत. वय लिहीत नाही पण 'फंक यू अप' आलं तेव्हा माझी आई शाळेत जात होती.

आज आमच्याकडे वाइल्ड वाइल्ड विमेन हा मुलींचा ग्रुप आहे: क्रांतीनारी, हॅशटॅगप्रीती, एमसी महिला, जेक्वीन, प्रतिका. मराठीसकट कितीतरी भाषा एका गाण्यात, आणि सोबत ब्रेकडान्सवाल्या, ग्राफिटीवाली, स्केटबोर्डवाली. माही जी एकटी उभी राहून आदिवासींच्या हक्कांवर मराठीत रॅप करते. यांच्यामुळे मला माइक धरायची हिंमत आली. द सीक्वेन्स मला या धाग्यापर्यंत माहीत नव्हत्या. सॉल्ट-एन-पेपासुद्धा 'पुश इट'पुरत्याच.

बारा_मात्रा दादा, तुम्ही शिवण दिसत नाही म्हणालात ते काल रात्रभर डोक्यात होतं. माझ्या गाण्यात कडवं संपतं आणि ध्रुवपद येतं तिथे खड्डा पडतो. 'फंक यू अप' लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, त्या बोलता बोलताच शेवटचा स्वर थोडा लांबवतात आणि बाकीच्या दोघी त्याच स्वरावर येतात. श्वास एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू. मी एकटी आहे, म्हणून स्वतःचेच तीन थर ध्वनिमुद्रित करून बघितले. अजून जमलेलं नाही.

बारा_मात्रा
फिरता_माइक, थर वेगवेगळे नका भरू. दोन मैत्रिणी बोलवा, एकाच माइकसमोर उभ्या राहा. एकमेकींचा श्वास दिसला पाहिजे. आणि ध्वनिमुद्रण झालं की इथेच टाका.

सांजवात
स्वागत गं! नक्की टाक.

जुनी_तबकडी
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येते.

भैरवीताईंचा कागदाचा मुद्दा मी माझ्या मुद्द्याला जोडून घेते. त्यात एक भर: आवाज बदलला. १९८३ मध्ये रन-डीएमसीची 'इट्स लाइक दॅट' आली, ड्रम मशीनचा ठोका आणि दोन माणसं, मागे वाद्यवृंद नाही. एका वर्षात शुगर हिलचा भरगच्च फंक जुना वाटायला लागला. द सीक्वेन्सचा शेवटचा अल्बम त्याच वर्षीचा. १९८४ ला चौदा वर्षांची रॉक्सॅन शांटे दुसऱ्यांच्या गाण्याला उत्तर देणारं रॅप करून गाजली, १९८५ ला सॉल्ट-एन-पेपा आल्या, सगळ्या क्वीन्सच्या. एंगलवुडच्या कंपनीकडे नवा आवाज घडवण्याइतका पैसा उरला नव्हता आणि कोलंबियात दुसरी कंपनी नव्हती. न्यूयॉर्कच्या मुलीला एक दार बंद झालं तर रस्ता ओलांडून दुसरं होतं. माझा गावाचा मुद्दा इथे येऊन टेकतो, आणि न्यूजर्सीकर, शुगरहिल गँगला तो लागू नाही कारण त्यांचं एकच गाणं त्यांना आयुष्यभर पुरलं.

अँजीने मात्र रस्ता काढला. १९९३ मध्ये व्हर्टिकल होल्ड या ग्रुपबरोबर, मग गायक डी'अँजेलोच्या पहिल्या अल्बमवर काम, १९९९ मध्ये स्वतःचा 'ब्लॅक डायमंड'. त्यातलं 'नो मोअर रेन' ऐकताना लक्षात ठेवा, हा गळा वीस वर्षं आधी रॅप करत होता. ओळीच्या मध्येच ती बोलल्यासारखा शब्द आपटते, ती सवय कुठली ते मग कळतं.

न्यूजर्सीकर
"त्यांचं एकच गाणं आयुष्यभर पुरलं" हे त्यांच्याच 'अपाचे' गाण्याच्या चाहत्यांना सांगू नका! पण बाकी पटलं. कागद अधिक गाव, असं मानायला मी तयार आहे.

रोखठोक_विदर्भ
'सायमन सेज' ऐकलं. नर्मदाताई, नमस्कार. मधला तो भाग, जिथे तिघी हुकूम वाटून घेतात, तो परत परत ऐकतोय. ज्याला नव्याने ऐकायचंय त्याने कुठून सुरू करावं? तबकडीताई, क्रम द्या.

जुनी_तबकडी
आधी 'फंक यू अप', बारा इंचीवरची पूर्ण लांबीची आवृत्ती, कापलेली नको. मग 'सायमन सेज'. मग 'मॉन्स्टर जॅम', कारण तिथे स्पूनी जी आणि या तिघी समोरासमोर आहेत आणि पुरुषाच्या बरोबरीने कसं बोलायचं ते ऐकायला मिळतं. 'फंकी साउंड' पार्लमेंटच्या मूळ गाण्यानंतर ऐका. शेवटी 'नो मोअर रेन'.

फिरता_माइक
दोन मैत्रिणी तयार झाल्यात. रविवारी एका माइकसमोर. 'मॉन्स्टर जॅम' ऐकून आलेय, आता चौथी व्यक्ती म्हणून एक पोरगाही शोधतोय आम्ही. ढोलकीवाला कुणी मुंबईत आहे का?

बारा_मात्रा
रविवारी मी ठाण्याला येतोच आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो, पत्ता कळवा.